ताहूला केळं कोणी दिलं

लेंबांग या डोंगरातल्या गावी, वरच्या आळीत, तितिनला दोन नावं होती. तोंडावर लोक तिला मानाने 'बू तितिन' म्हणत, आणि पाठ वळली की 'तराजूवाली'. महिन्यातून एकदा तिच्या ओसरीवर गावातल्या तान्ह्या पोरांची वजनं व्हायची. तुळईला तराजू टांगायचा, तराजूला कापडाची झोळी, झोळीत बाळ. बाळ हातपाय झाडत भोकाड पसरायचं, आई कौतुकाने काट्याकडे बघत राहायची. तितिन मात्र काट्याकडे एकदाच बघायची आणि बाळाच्या ओठांकडे पुन्हा पुन्हा.

"काय भरवलंस गं याला?"

"काही नाही, बू. दूधच."

"दूधच? मग हनुवटीला हे पिवळं काय चिकटलंय? हळद लावलीस?"

एवढं म्हटलं की त्या कोवळ्या आईची मान खाली जायची. तितिनचा आवाज चढत नसे, पण शब्द न शब्द खुंटी ठोकल्यासारखा बसायचा. "सहा महिने आईचं दूध. मध नाही, साखरपाणी नाही, पेज नाही. आणि केळं तर नाहीच नाही. सासू म्हणाली, आई म्हणाली, तरी नाही. माझं नाव सांग त्यांना."

केळं हा शब्द ती उच्चारायची तेव्हा जमलेल्या बायकांपैकी म्हाताऱ्या असत त्या उगाच दुसरीकडे बघायच्या. त्यांना कारण ठाऊक होतं. आणि ओसरीला लागून असलेल्या खोलीत, बांबूच्या भिंतीपलीकडे, तितिनची सासू मा उकी खाटेवर बसून हे सगळं ऐकत असायची. महिन्यामागून महिना, वर्षामागून वर्ष.

तितिन लग्न होऊन या घरात आली तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती. नवरा दायात भाजीचा टेम्पो चालवायचा. वरच्या उतारावरची कोबी आणि बटाटे खाली बांडुंगच्या बाजारात न्यायचा. सासू विधवा, पाच पोरं वाढवलेली, हाताला चव असलेली आणि जीव लावणारी बाई. सुनेला पहिले दिवस गेले तेव्हा तिने तिला पाण्याची कळशीही उचलू दिली नाही.

मुलगा झाला. यूसुप नाव ठेवलं. पण तितिनला दूध उतरेना. पोर रडून रडून निळं पडायला लागलं, आणि तितिनही त्याच्याबरोबर रडायला लागली. तेव्हा मा उकीने तेच केलं जे त्या डोंगरावर सगळ्याच घरांतून होत आलं होतं. पिकलेलं केळं घेतलं, मऊ भाताबरोबर बशीत कुस्करलं, आणि बोटावर घेऊन बाळाच्या तोंडात टाळूला लावलं. एकदा, दोनदा, थोड्या वेळाने पुन्हा. पोर मुटुमुटू गिळून गप्प झालं.

"बघ," मा उकी म्हणाली होती, "भूकच होती बिचाऱ्याला."

तितिनने सासूचा हात हातात घेऊन डोळ्यांना लावला होता, इतकी ती सुखावली होती.

मग पोराचं पोट फुगलं. नगाऱ्यासारखं कडक झालं. दायातने टेम्पोतला अर्धा माल रस्त्यातच उतरवून टाकला, आणि कोबीच्या उरलेल्या गोणींवर बसून तितिन पोराला घेऊन खाली दवाखान्याकडे निघाली. दवाखाना यायच्या आधीच पोर तिच्या मांडीवर थंड पडलं.

अल्लाची मर्जी, लोक म्हणाले. मा उकी काही म्हणाली नाही. तितिनही काही म्हणाली नाही. पुढे बऱ्याच काळाने गावात नवी दाई आली, आणि तिच्याकडून तितिनला कळलं की इतक्या लहान जिवाच्या आतड्याला केळं आणि भात झेपत नाही, आत गोळा होऊन वाट बंद होते. तितिनने ते ऐकून घेतलं, घरी आली, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी जाऊन दाईला म्हणाली, "तुम्हाला वजनं करायला कोणी हवंय ना? मी येते."

त्यानंतर मुलगी झाली, विविन. तिला तितिनने पाळण्यात असं ठेवलंच नाही. कापडाने पोटाशी बांधून ती भिंतीला पाठ लावून बसायची, आणि सासू खोलीत आली की कापडाची कड वर ओढून घ्यायची. मा उकीने ते पाहिलं. त्यानंतर तिने नातीला कधी आपणहून मागितलं नाही.

तितिनने सासूचं मात्र काही कमी केलं नाही. दायात वारला, विविन नोकरीसाठी बांडुंगला गेली, आणि घरात दोघीच उरल्या, तरी सासूला वेळेवर गरम पाणी, वेळेवर भात, प्रार्थनेच्या वेळी खाली अंथरायला चटई. घरात भांड्याला भांडं लागल्याचा आवाज कधी कोणी ऐकला नाही. सासरच्या बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. पण ज्या घरात चाळीस वर्षांत एकदाही भांडण होत नाही तिथे काहीतरी गोठलेलं असतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

अशा घरात एके रविवारी विविन जोड्याच्या खोक्यातून ससा घेऊन आली.

"आंबू, ओरडू नकोस हं आधीच," ती आईला म्हणाली. "रस्त्याच्या कडेला पिंजऱ्यात वीस-पंचवीस कोंबले होते. हे सगळ्यांच्या खाली दबलेलं. मला राहवलं नाही."

तितिनने झाकण उघडलं. आत मुठीएवढा पांढरा गोळा थरथरत होता. कान धड उभेही राहिलेले नव्हते.

"तुझ्या खोलीवर ठेव की मग."

"घरमालकीण मला ठेवतेय हेच खूप आहे. नीनीला सोबत होईल. तू दिवसभर कुठे कुठे असतेस, ती एकटीच बसून असते." विविनने खोकं सरळ आजीच्या मांडीवर ठेवलं. "नीनी, बघ तरी. टोफूच्या वडीसारखा दिसतो की नाही? ताहू नाव ठेवलंय."

मा उकीची नजर अधू झाली होती. तिने बोटांनीच पाहिलं. कान, पाठ, थंडगार पंजे. मग ती म्हणाली, "याची आई कुठाय?"

विविनने पिल्लू खोक्यातून काढून तिच्या हातांत दिलं.

विविन संध्याकाळच्या गाडीने परत गेली आणि तितिन आबा ओदिंगला बोलावून आली. आबा ओदिंगचं घर चढाच्या टोकाला. आयुष्यभर ससे पाळले, ससे विकले, आणि जत्रेत सशाच्या मांसाच्या सळ्याही भाजल्या. तोंडाचा फटकळ, पण जनावराला हात लावायचा तर लोण्याला लावावा तसा. त्याने पिल्लाला उचलून पोट चाचपलं, ओठ वर करून दात पाहिले आणि टोपी मागे सारली.

"याला विकला कोणी? त्याला टांगायला पाहिजे तुझ्या त्या तराजूला. अजून आईच्या पोटाखाली असायला हवं होतं हे. दोन महिने होईपर्यंत आईपासून तोडू नये."

"आता तोडलंय ना. काय घालू ते सांगा, आबा."

"गवत."

"आणि?"

"गवत. वाळलेलं. ओलं घातलंस, दवातलं घातलंस, तर पोट बिघडलंच समज. सकाळी कापायचं, पसरून ठेवायचं, चांगलं सुकलं की मग द्यायचं. आणि मोजूनमापून नाही हं, ढीग घाल. त्याने रात्रंदिवस चघळत राहिलं पाहिजे. त्यावरच त्याची आतडी चालतात, त्यावरच त्याचे दात झिजतात."

"आणि पाणी?"

"बशीत ठेव. रस्त्यावरचे विकणारे सांगतील, सशाला पाणी दिलं की मरतो. त्यांना सांग, तू पिऊ नकोस महिनाभर, बघू कोण मरतंय. पेंडीच्या गोळ्या मी देतो, सकाळी चिमूटभर, संध्याकाळी चिमूटभर. बास."

"पालेभाजी? आपल्या दारात कोबीचा ढीग पडलेला असतो."

"कोबी नाही. तुझं ते पाणथळातलं कांगकुंग नाही. गाजर नाही. थोडा मोठा झाला की एकेक पान द्यायला लागू, आज एक, दोन दिवस थांबायचं, लेंड्या बघायच्या, मग दुसरं."

खाटेवरून मा उकी म्हणाली, "चित्रात तर ससे गाजरच खातात, ओदिंग."

"चित्रातले ससे मरत नाहीत, मा."

"तू बरा सांगतोस रे. सशाच्या सळ्या भाजणारा माणूस."

"भाजतो की. पण भाजायच्या आधी त्यांना पोट फुगवून मारत नाही," आबा म्हणाला आणि जायला निघाला. दारात थांबून तितिनला म्हणाला, "तुला वेगळं काय सांगायचं? गावाला सांगतेस तेच आहे. लहान पोट, साधं खाणं."

तितिनने ते मनावर घेतलं. पहाटेची प्रार्थना झाली की कोयता घेऊन बांधावर जायची, गवत कापून आणायची, अंगणात पसरायची, ऊन धरेल तसं उलटंपालटं करायची. ताहूला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चुलीपासून हातभर अंतरावर बांबूचा पिंजरा केला होता. दुपारी तो मा उकीच्या मांडीवर झोपायचा. म्हातारी त्याच्याशी पुटपुटत असायची. ती इतकं बोलते हे तितिनला माहीतच नव्हतं.

"गवतच गवत," मा उकी त्याला सांगायची. "गाय समजलेत तुला. पण खा बाबा, तुझ्या बोळक्या तोंडाच्या आजीला तर तेही चावत नाही."

पुढे ताहू धीट झाला. अंगाने भरला, कान उभे राहिले. तितिन भाजी चिरायला बसली की तिच्या गुडघ्यावर पुढचे पाय टेकून उभा राहायचा आणि नाक फुरफुरवायचा. तितिनने बरेच दिवस दाद दिली नाही. "जा तिकडे, गवत खा," म्हणायची. पण एकदा तिच्या हातून गाजराची साल खाली पडली, ताहूने ती पुढच्या दातांनी कुरुकुरु आत ओढली, आणि वर तोंड करून पुन्हा उभा राहिला. तितिनला हसू आलं. कितीतरी दिवसांत ती घरात अशी हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साल खाली पडली नाही, तिने टाकली. मग कोबीच्या गड्ड्याचा आतला गोड दांडा. एवढ्याशाने काय होतंय, ती मनाशी म्हणायची, आणि म्हणताना खोलीकडे कानोसा घ्यायची की मा उकीला ऐकू जात नाही ना. आबा ओदिंग आला की ती आपणहून सांगायची, "गवतावरच ठेवलाय हो." बाळांच्या आया तिच्याशी ज्या सुरात बोलायच्या तोच सूर आपल्या तोंडी आलाय हे तिच्या लक्षात आलं नाही.

एके सकाळी तिला पंचायतीच्या कचेरीत वजनाच्या कामाची बैठक होती. घाईत तिने एक पिकलं केळं सोललं, अर्धं खाल्लं. ताहू पायांत घोटाळत होता. उरलेलं अर्धं तिने त्याच्यापुढे धरलं. तो तिच्या बोटांसकट चाटूनपुसून खाऊन गेला, आणि ती खुशीत डोक्याला कापड बांधून निघाली.

परत आली तेव्हा दुपार कलत होती. मा उकी खाटेवर उन्हाच्या कवडशात बसली होती, पिंजरा शेजारी ओढून घेतलेला.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "तू गेल्यावर थोड्या वेळाने हा कोपऱ्यात जाऊन बसला तो हललाच नाही. गवताला तोंड लावलं नाही. दात करकर वाजवतोय, ऐक."

तितिनने ताहूला बाहेर काढलं. पाठीची कमान, डोळे अर्धे मिटलेले. तिने पोटाखाली हात घातला. पोट नगाऱ्यासारखं कडक.

हाताला ते पोट ओळखीचं होतं.

मा उकीला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तिचं गप्प होणं तिला कळलं. म्हातारी धडपडत खाटेला धरून उभी राहायला लागली, आणि तिचा आवाज असा लहान झाला की तितिनने तो पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"मी नाही दिलं काही," ती म्हणाली. "खरंच सांगते, तितिन. अल्लाची शपथ. या खेपेला मी काहीच नाही दिलं."

तितिन ताहूला छातीशी धरून खाली बसली.

"मला ठाऊक आहे, मा," ती म्हणाली. "मी दिलं. केळं दिलं मी त्याला."

मा उकी उभीच होती. तिने हात पुढे केले. "आण इकडे. तू ओदिंगला बोलव."

तितिन चप्पल न घालताच चढ चढली. आबा ओदिंग आला, पोट चाचपलं, आणि विचारलं, "केळं कोणी दिलं?" कारण ताहूच्या तोंडाला अजून वास होता.

"मी."

आबाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाशी काहीतरी फटकळ आलंही असेल, पण त्याने फक्त टोपी डोक्यावरून काढली आणि पुन्हा घातली. मग खिशातून फोन काढून दूध केंद्रावरच्या गाईंच्या डॉक्टरला लावला. डॉक्टर दोन गावं पलीकडे एका व्यायलेल्या गाईपाशी होता. म्हणाला, येतो, पण तोवर ऊब द्या, पोट हलक्या हाताने चोळा, पुढ्यात वाळलं गवत आणि पाणी ठेवा, दुसरं काही म्हणजे काही तोंडात घालू नका. आबा मोटरसायकल घेऊन डॉक्टरला आणायला गेला.

घरात दोघी उरल्या. मा उकीने ताहूला मांडीवर घेतलं होतं, वर लोकरी शाल. तिची बोटं सुरकुतलेली, पण चोळणं असं हळुवार की जणू दुधावरून साय बाजूला करतेय. तितिन चुलीत लाकडं सारून तिच्या पायाशी येऊन बसली.

"माझ्या सासूने माझ्या पाचही पोरांना केळंच दिलं," मा उकी म्हणाली. ती तितिनशी बोलत होती की सशाशी, कळायला मार्ग नव्हता. "तिच्या सासूने तिच्या पोरांना. जगली सगळी. तुझं पोर रडत होतं. तू रडत होतीस. मला वाटलं, उपाशी जाईल ते. भूक मला बघवत नाही गं. आमच्या लहानपणी आम्ही कंदाच्या सालीसुद्धा खाल्ल्यात."

तितिनने सरकलेली शाल ताहूवर नीट ओढली.

"तू त्या वजनाच्या कामाला लागलीस ना," मा उकी पुढे म्हणाली, "तेव्हा मला कळलं की तुला कळलंय. दर महिन्याला तू ओसरीवर बायांना सांगायचीस, केळं देऊ नका. मी आत बसून ऐकायची. मला वाटायचं, ही मलाच सांगतेय."

"तुम्हालाच सांगत होते, मा."

म्हातारीची बोटं क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली. "वाटलंच मला," ती म्हणाली.

"भिंतीकडे तोंड करूनच बोलायची मी," तितिन म्हणाली. आता तिला थांबवत नव्हतं. "बायांकडे बघत नव्हते. तुम्हाला ऐकू जावं म्हणून मुद्दाम ओसरीवर वजनं घ्यायला लागले. मशिदीशेजारची खोली देत होते पंचायतीचे लोक. मी नको म्हटलं."

"हो का?"

"हो. आणि आज मी घाईत होते, तो पायांत आला, त्याला आवडतं म्हणून... मला त्याचं खाणं बघून इतकं बरं वाटायचं, मा. मला सगळं माहीत होतं. तुम्हाला तर माहीतसुद्धा नव्हतं."

एवढं बोलून ती रडायला लागली. मा उकीने एक हात शालीतून काढला आणि चाचपडत तिच्या डोक्यावर ठेवला. डोक्याला बांधलेलं कापड सरकून मानेवर आलं होतं, ते तिने जमेल तसं सारखं केलं.

"रड, पण हळू," ती म्हणाली. "हा घाबरेल. आणि त्या दिवशी तू मला शिव्या घातल्या असत्यास ना, तर फार बरं झालं असतं गं. मी वाट बघत होते. आज बोलेल, उद्या बोलेल. तू गरम पाणी आणून ठेवायचीस."

"काय बोलणार होते? मीच तुमचा हात डोळ्यांना लावला होता."

"ते आठवतं मला," मा उकी म्हणाली. "त्या हाताचं काय करू हेच मला कळत नाही इतकी वर्षं."

तितिनने तो हात डोक्यावरून खाली घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. मग तीच म्हणाली, "चोळायला लागतो तो. द्या, आता मी चोळते, तुम्ही दमलात."

"नाही दमले. तू दुसऱ्या बाजूने चोळ."

डॉक्टर आला तेव्हा दोघी एकाच सशावर डोकी खुपसून बसल्या होत्या. माणूस हसतमुख होता, अंगाला शेणाचा वास. त्याने पोटातली हवा सुटायचं औषध थेंबथेंब घातलं, आतडी चालायला एक सुई दिली, आणि म्हणाला, वेळेवर बोलावलंत, पण शब्द देत नाही. सकाळी लेंड्या पडल्या तर समजा सुटला.

सकाळी मा उकीने तितिनला हाक मारली ती शेजारपाजारच्यांनीही ऐकली. "तितिन! अगं ये! पडल्या! मोज बघू किती आहेत!"

बारीक होत्या, वेड्यावाकड्या होत्या, पण होत्या. तितिन पिंजऱ्यापाशी गुडघे टेकून बसली, आणि सणाच्या चंद्राची कोर बघावी तशी दोघींनी त्या लेंड्यांकडे बघितलं. थोड्या वेळाने ताहूने गवताची एक काडी ओढली. चावत चावत आत घेतली. मग दुसरी.

त्यानंतर ताहूच्या खाण्याचा कारभार मा उकीने हातात घेतला. दिसत नव्हतं तरी गवत हाताने चोळून सांगायची, "हे अजून ओलंय, पसर पुन्हा." शेजारीण कौतुकाने गाजर घेऊन आली तर तिला दारातूनच परत पाठवायची. ताहू पुरेसा मोठा झाला तेव्हा आबा ओदिंगच्या देखरेखीखाली पहिलं हिरवं पान दिलं, गाजराच्या पाल्याचं. दोन दिवस थांबून तुळशीच्या जातीचं एक वासाचं पान. पान तोंडात गेलं की म्हातारी विचारायची, "कसं तोंड केलं त्याने?" आणि तितिन सांगायची. पुढच्या वेळी विविन शहरातून रंगीत दाण्यांची चकचकीत पिशवी घेऊन आली, तर आजीने पिशवी हुंगली आणि म्हणाली, "हे तुझ्या घरमालकिणीला घाल."

"नीनी, महागाचं आहे गं ते!"

"मग दोनदा घाल."

महिन्याच्या वजनाच्या दिवशी तितिनने सासूची खुर्ची ओसरीवर आणून ठेवली. विचारलं नाही, नुसती ठेवली. मा उकी बसली. बाळं आली, रडली, झोळीत बसून काट्यावर झुलली. एका पोरीच्या बाळाच्या हनुवटीला काही लागलेलं होतं, आणि तितिनचं तोंड उघडलंही होतं, पण या खेपेला तिने पोरीला आपल्याशेजारी बसवून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "दूध कमी पडतंय का गं? रात्री फार रडतं का?" पोरगी मान हलवून एकदम रडायलाच लागली. मग दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या. मा उकीला त्यातलं काही ऐकू आलं नाही, आणि तिने कान दिलाही नाही.

उन्हाळा चालू झाला. वावरांत बटाट्याची काढणी सुरू झाली, डोंगरावरून वाळल्या पाल्याचा वास यायला लागला. संध्याकाळी दोघी अंगणात बसून उद्याच्या गवताची निवड करायच्या, काटेरी काड्या वेगळ्या, मऊ वेगळ्या. ताहू मोकळाच असायचा, लठ्ठ नाही पण चांगला भरलेला, आणि त्यांच्या ढिगातून नेमकी हवी ती काडी ओढून न्यायचा.

अशाच एका संध्याकाळी मा उकी म्हणाली, "एक विचारू? मी त्याचं तोंड विसरले गं. फार थोडे दिवस होता. मी जास्त करून त्याचं तोंड उघडलेलंच पाहिलं, रडताना."

घरात यूसुपविषयी कोणी काही विचारायची ही पहिलीच वेळ.

"कपाळ यांच्यासारखं होतं," ती म्हणाली. "रुंद. केस मात्र माझे, उभे राहायचे. भिजवून बसवले तरी पुन्हा उभे."

"आणि कान? कान कोणासारखे होते?"

तितिनने सासूकडे पाहिलं. पांढऱ्या विरळ केसांतून बाहेर आलेले ते मोठे, पातळ पाळीचे कान मावळतीच्या उजेडात लालसर दिसत होते.

"तुमच्यासारखे," ती म्हणाली.

"अरे देवा," मा उकी म्हणाली. "बिचारं पोर." आणि ती हसायला लागली. तोंडात एकही दात नसल्यामुळे तिचं हसणं नुसतं श्वासासारखं यायचं. तितिनही हसली, डोळे पुसत. "अजून सांग," म्हातारी म्हणाली. "बोटं कशी होती?"

तितिनने गवताचा ढीग बाजूला सारला, खुर्ची जवळ ओढून घेतली, आणि सांगायला लागली.